पाचवा बोल्ट

डोंबिवलीच्या कोपर रोडच्या आसपासच्या कुठल्याही टायरच्या दुकानात दोन जागा असतात. पुढची गिऱ्हाइकाची. तिथे बाक, पंखा, पाण्याचा जग, टायर कंपन्यांची कॅलेंडरं. मागची आमची. पुढे बसलेल्या माणसाला ऐकू येते ती फक्त हवेच्या गनची घरघर. ती थांबली, की चाक निघालं असं तो धरून चालतो. चार बोल्ट खरंच तसे निघतात. पाचवा निघत नाही त्या दिवशी मागच्या जागेत काय काय चालतं, ते गिऱ्हाइकाला सहसा कळत नाही. तेच आज सांगतो.

पाचवा बोल्ट म्हणजे लॉकचा बोल्ट. प्रत्येक चाकाला एक. बाकीच्या चौघांचं डोकं षटकोनी असतं, सतरा नंबरची गोटी (पान्याच्या टोकाला बसणारी वाटी) लावली की फिरतं. या एकाचं डोकं गोल आणि गुळगुळीत असतं, आणि त्याच्या तोंडात वेडीवाकडी वळणं घेत गेलेली खाच कोरलेली असते. त्या खाचेत नेमकी बसेल अशी एक छोटी गोटी गाडीबरोबर मिळते. आमच्या धंद्यात तिला लॉकची चावी म्हणतात. ती असली, तर हा बोल्ट इतरांइतकाच सरळ. नसली, तर तो कुणाचंही ऐकत नाही, गाडीच्या मालकाचंसुद्धा.

हे लॉक कशासाठी, ते डोंबिवलीकरांना सांगायला नको. पश्चिमेतल्या जुन्या चारमजली इमारती बांधल्या गेल्या तेव्हा खाली गाड्या उभ्या राहतील असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. आज त्याच इमारतींमधल्या किती तरी गाड्या रात्रभर गल्लीच्या कडेला उभ्या असतात. अलॉयची चाकं महाग, आणि चोराला लागतो फक्त एक पाना. सकाळी मालक खाली उतरतो तर गाडी विटांवर. लॉकचा बोल्ट ही चोरी अशक्य करत नाही, लांबवतो. चोराला घाई असते, आणि पाचव्या बोल्टापाशी थांबावं लागलं तर तो बहुधा दुसरी गाडी शोधतो. म्हणून लॉक लावू नका असं मी कधीच म्हणणार नाही. लावाच.

आता एक फरक सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. मारुती, ह्युंदाई, होंडा, टोयोटा यांच्या हबला स्टड बसवलेले असतात. चाक त्यांवर अडकवायचं आणि बाहेरून नट आवळायचे. युरोपातून आलेल्या गाड्यांची रीत उलटी. हबला नुसती आटे पाडलेली भोकं, आणि बोल्ट बाहेरून आत जातो. स्कोडा २००१ पासून तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात तयार होऊ लागली, फोक्सवॅगनची पोलो २००९ च्या अखेरीपासून चाकणला. म्हणजे बोल्टवाली चाकं महाराष्ट्रातच बनतात आणि आमच्याकडे रोज येतात. नट अडकला तर तो कापता येतो, फार तर स्टड नवा बसवता येतो. बोल्ट अडकला आणि काढताना हबचे आटे गेले, तर खर्च हबपर्यंत जातो. म्हणून बोल्टवाली गाडी आली, की दुकानातला जाणता माणूस स्वतः पुढे होतो, पोऱ्याच्या हातात गन देत नाही.

आमच्या उस्तादांना ही बोल्टची चाकं फार आधीपासून माहीत होती. कल्याण-शिळ रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना होता, तिथे नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ तयार व्हायची. तिच्या चाकांना बोल्टच. ती गाडी फार वर्षं चालली नाही, कारखान्याची कथाही पुढे दुःखद झाली. पण त्या थोड्या वर्षांत या पट्ट्यातल्या बऱ्याच मिस्त्र्यांचे हात त्या गाडीवर तयार झाले. उस्तादांनी तेव्हाच एका जुन्या बोल्टाचं डोकं कापून, त्याला स्क्रू ड्रायव्हरपुरती खाच पाडून एक दांडी करून ठेवली होती. चाक चढवताना ती वरच्या भोकात फिरवून ठेवायची, चाक तिच्यावर टांगायचं, खालचे बोल्ट हातानं लावून घ्यायचे, मग दांडी काढायची. जड चाक गुडघ्यावर तोलत भोकं जुळवत बसायला नको. ती दांडी आजही आमच्या पेटीत आहे. दुकानात येणारा नवा मुलगा पहिल्या दिवशी विचारतो हे काय, आणि आठवड्याभरात तिच्याशिवाय त्याचं पान हलत नाही.

पेटीत आणखी एक वस्तू आहे, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात बेवारस चाव्या. कुणाच्या गाडीच्या, ठाऊक नाही. कुणी विसरून गेला, कुणी गाडी विकली आणि चावी खिशातच राहिली, ती नंतर आणून दिली. काहींच्या पाठीवर अक्षर किंवा क्रमांक कोरलेला असतो. एकाच कंपनीच्या चाव्यांचे नमुने ठरावीक असतात, अधिकृत वर्कशॉपकडे त्यांचा पूर्ण संच असतो. त्यामुळे चावी हरवलेली गाडी आली, की आधी हा डबा उघडतो. बोल्टाच्या तोंडातली माती सुईनं खरवडायची, ब्रश मारायचा, टॉर्चच्या उजेडात खाच नीट बघायची, आणि मग एकेक चावी हलक्या हातानं बसवून बघायची. हलक्या हातानं हे महत्त्वाचं. जवळपास बसतेय म्हणून जोर लावला, की चावीचे पातळ दात तुटतात आणि खाचेतच अडकून राहतात. मग खरी चावी सापडली तरी ती आत शिरत नाही.

चावी हरवते म्हणजे जाते कुठे? आमचा अनुभव असा, की ती बहुतेक वेळा गाडीतच असते. स्टेपनीखालच्या फोममध्ये जॅकशेजारी तिची जागा केलेली असते, आणि मालकानं तो फोम कधी उचललेलाच नसतो. ग्लोव्ह बॉक्समध्ये कागदांखाली असते. एका काकूंनी ती देवघराच्या खणात ठेवली होती. गाडीबरोबर छोट्या पिशवीत बांधून आली, म्हणजे जपून ठेवायची काहीतरी मौल्यवान वस्तू असणार, हा त्यांचा विचार चुकीचा म्हणताच येणार नाही. फक्त गाडी पंक्चर झाली पनवेलला आणि देवघर होतं डोंबिवलीत. आणि काही वेळा चावी शेवटचं चाक खोललेल्या दुकानातच राहिलेली असते, गनच्या तोंडात. हे आमच्या धंद्याचं पाप आहे आणि ते मोकळेपणी सांगायला हवं. चाक आवळून झालं, पुढची गाडी आत आली, चावी गनमधून काढून बाजूला ठेवली आणि ती तिथेच राहिली. आमच्याकडे आता नियम आहे: चावी मालकाच्या हातात दिल्याशिवाय बिल करायचं नाही.

हळदीच्या दिवशीचा एक किस्सा आमच्याकडे अजून सांगितला जातो. मोठागावच्या बाजूनं एक गाडी आली. नवरदेवाची. दुसऱ्या दिवशी लग्न, बॉनेटवर फुलांच्या पट्ट्या आधीच चिकटवलेल्या, आणि पुढच्या डाव्या चाकात लोखंडाचा तुकडा घुसलेला. स्टेपनी होती, लॉकची चावी नव्हती. गाडीबरोबर आलेला मामा एकच सांगत होता, 'दादूस, आज हलद हाय, गारी पायजे म्हंजे पायजे.' आगरी घरातली हळद म्हणजे रात्रभर गाव जागं. तिथे नवऱ्याची गाडी दारात नसणं चालणार नव्हतं, हे आम्हाला समजत होतं.

डब्यातली एकही चावी बसली नाही. तेव्हा बारा कोनांच्या गोटीवर यावं लागलं. ही रीत अशी: लॉकच्या डोक्यापेक्षा किंचित लहान, बारा कोनांची गोटी घ्यायची आणि हातोड्यानं डोक्यावर ठोकून बसवायची. गोटीचे कोन गुळगुळीत डोक्याला चावतात आणि पकड मिळते. गोटी काळी लागते, गनसाठी बनवलेली. चकचकीत क्रोमची गोटी अशा माराखाली तडकते आणि तिचा तुकडा कुठे उडेल याचा नेम नाही. ठोकणाऱ्यानं चष्मा लावायचाच. शिवाय अलॉयमध्ये बोल्टाचं भोक अरुंद असतं, जाड गोटी आत शिरतच नाही. म्हणून आम्ही काही गोट्या लेथवर नेऊन बाहेरून उतरवून आणल्या आहेत. त्यांची भिंत पातळ असल्यानं त्या फार घाव सोसत नाहीत, पण अलॉयला ओरखडा येत नाही.

त्या दिवशी तिसऱ्या घावाला गोटी बसली. मग लांब दांडा. चाक जमिनीवरच ठेवलेलं, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे. दांड्याला झटका द्यायचा नाही, अंगाचं वजन हळूहळू सोडायचं. बोल्ट सुटतो तेव्हा 'टाक' असा कोरडा आवाज येतो. तो ऐकला की खांदे आपोआप खाली येतात. गोटी बोल्टासकट बाहेर आली आणि बोल्ट तिच्यातच रुतून बसला. तो नंतर व्हाइसमध्ये धरून मागून पंच मारून काढला. मामानं विचारलं, एवढाच वेळ? त्याला बाकावरून एवढंच दिसलं होतं. गोट्या लेथवर नेलेला दिवस त्याला दिसणं शक्यच नव्हतं.

आता मुख्य प्रश्न. हा बोल्ट इतका घट्ट बसतो कसा? गिऱ्हाईक गंजाला दोष देतं. गंज असतोच, खाडी जवळ, पावसाळा चार महिने. पण माझ्या मते बहुतेक प्रकरणांत गुन्हेगार गंज नाही, शेवटचा हात आहे. ज्यानं मागच्या वेळी चाक चढवलं आणि गननं बोल्ट आवळला, तो हात. फोक्सवॅगनच्या पोलो-व्हेंटोच्या चाकाच्या बोल्टाला कंपनी १२० न्यूटन-मीटर सांगते. म्हणजे चाळीस सेंटिमीटरचा पाना घेतला, तर त्याच्या टोकावर साधारण तीस किलोचा भार. धडधाकट माणसाच्या हाताला हे सहज जमतं. उलट चांगल्या अर्ध्या इंची गनची ताकद पाचशे न्यूटन-मीटरच्या पुढे जाते. पोऱ्यानं ट्रिगर आणखी दोन सेकंद दाबून धरला, की साधे बोल्ट ताणले जातात आणि लॉकचा बोल्ट हाताबाहेर जातो. साध्या बोल्टाला निदान सहा भक्कम कडा आहेत, पुढच्या वेळी जोर लावून निघेल. लॉकच्या खाचेची खोली थोडी, चावीचे दात पातळ. गननं भरलेला जोर ती चावी उलट दिशेनं काढू शकत नाही. ती तुटते.

म्हणून चावीनं बोल्ट काढायचा तो हातानं, आवळायचा तोही हातानं. कंपन्यांच्या पुस्तिकांमध्येही लॉकच्या बोल्टावर गन चालवू नका असं लिहिलेलं सापडतं. ते वाचतं कोण, हा भाग वेगळा. संध्याकाळी दारात सहा गाड्या उभ्या असतात, मालक घाई करतो, गिऱ्हाईक घड्याळ बघतं, आणि पोऱ्याला शिकवलेलं असतं की घट्ट म्हणजे चांगलं. टॉर्क पाना भिंतीवर टांगलेला असतो. आमच्या दुकानात तो खाली उतरवून रोजच्या कामात आणायला उस्तादांना बराच काळ मुलांच्या मागे लागावं लागलं. ठरलेल्या जोराला तो 'कट्' करतो, तिथे हात थांबवायचा. मुलांना वाटायचं अजून थोडं आवळायला हवं. उस्ताद म्हणायचे, पान्यानं सांगितलं ना, आता तुझं मत नको.

एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमधून निघालेली एक गाडी आठवते. नाव घेण्याचं कारण नाही. चारही चाकांचे टायर तिथे बदललेले, आणि चारही लॉक इतके आवळलेले की चावी पहिल्याच चाकावर फुटली. या लॉकच्या डोक्याभोवती वेगळं कडंही होतं, मोकळं फिरणारं. अशा लॉकवर बारा कोनांची गोटी ठोकून काही उपयोग होत नाही. गोटी कड्याला चावते, कडं गोल फिरत राहतं, आतला बोल्ट जागचा हलत नाही. चोरासाठी केलेली ही युक्ती, आता मालकाच्याच विरोधात उभी राहिली होती. उलट्या आट्यांच्या गोटीचाही तिथे इलाज नव्हता. तिच्या आत डाव्या वळणाची धार असते, उलटी फिरवली की ती बोल्टाच्या डोक्यात आणखी खोल शिरते. साध्या लॉकवर हे उत्तम हत्यार. पण कडंच फिरतंय म्हटल्यावर तीही गोल गोल फिरायची.

उरला वेल्डिंगचा उपाय. तो वरवर सोपा दिसतो, आणि नेमका म्हणूनच नवशिक्याच्या हातात तो घातक ठरतो.

आमचा वेल्डर डोंबिवली एमआयडीसीत तयार झालेला. तो आला की मशिनला हात लावायच्या आधी चाकाजवळ बसतो आणि व्हॉल्वची पिन काढून टायरमधली हवा पूर्ण सोडतो. गिऱ्हाइकाला वाटतं, टायर तर ठीक होता, हवा का सोडली? कारण बंद टायरजवळ धातू तापवला, तर आतलं रबर तापून वायू सोडतं आणि टायर फुटू शकतो. तो स्फोट माणसाचा जीव घेण्याइतका असतो. अशा कामात हवा भरलेला टायर म्हणजे पिन काढलेला हातबाँब. हवा सोडली तरी टायर तापू द्यायचा नाही, म्हणून टाके लहान, आणि दोन टाक्यांमध्ये थांबायचं.

मग बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची. मग अर्थिंगचा चिमटा. तो कुठे लावायचा, यात वेल्डरची जात कळते. नवशिक्या तो गाडीच्या बॉडीला लावतो. मग वेल्डिंगचा करंट चाकाच्या बेअरिंगमधून वाट काढतो, आतल्या गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात, आणि काही महिन्यांनी गाडी गुणगुणू लागते. तोवर या कामाशी त्याचा संबंध कुणाच्या लक्षातही राहत नाही. आमचा माणूस चिमटा त्याच चाकाच्या शेजारच्या बोल्टाला लावतो, म्हणजे करंट तिथल्या तिथे फिरतो. अलॉयवर आणि टायरवर ओलं गोणपाट. ॲल्युमिनियम साडेसहाशे अंशांच्या आसपासच वितळतं, ठिणगीनं त्याच्यावर डाग पडतो आणि तो कधीच जात नाही.

त्या दिवशी त्यानं आधी कड्याला आणि बोल्टाला एकत्र टाका मारला, म्हणजे कड्याचं फिरणं बंद. मग त्यावर काळा नट ठेवला. काळाच. चकचकीत नटावर जस्ताचा मुलामा असतो, त्यातून पांढरा धूर निघतो, आणि तो नाकात गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. हे त्याला एमआयडीसीतल्या जुन्या वेल्डरांनी शिकवलं. नटाच्या भोकातून रॉड आत घालून तो तळापासून भरत आला. झालं, लॉकच्या डोक्यावर आता साधा षटकोनी नट उभा होता.

लगेच पाना लावायचा नाही. लाली जाईपर्यंत थांबायचं. पाणी मारायचं नाही, मारलं तर पोलाद कडक होऊन टाकाच तुटतो. उष्णतेचं खरं काम याच वेळात होतं. बोल्ट तापून फुगतो, गंजाची पकड तुटते, थंड होताना तो आकसतो आणि आट्यांमध्ये किंचित जागा होते. पहिल्या चाकाचा बोल्ट दांड्याला हात लावताच फिरला. दुसऱ्याचा, तिसऱ्याचाही. चौथ्याचा टाका दोनदा तुटला. मग त्याचं डोकं ड्रिलनं काढावं लागलं. लॉकचं पोलाद कडक केलेलं असतं, साधं ड्रिल त्यावर नुसतं घासत बसतं. कोबाल्टचं ड्रिल, कमी वेग, भरपूर तेल आणि चिकाटी लागते. डोकं गेलं की मात्र सगळं सोपं. बोल्टाला घट्ट धरून ठेवतो तो त्याच्यातला ताण. डोकं तुटलं की ताण संपला. चाक उतरवल्यावर मागे राहिलेला तुकडा ग्रिप पकडीनं धरला आणि दोन बोटांनी फिरला. संध्याकाळभर छळलेली वस्तू शेवटी इतकी सहज निघाली, की गाडीचा मालक तो तुकडा हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिला.

हबच्या आट्यांना काही झालं नव्हतं. वेल्डरनं टॅप फिरवून ते साफ केले. मालकानं विचारलं, आता तिथे दुसऱ्या गाडीचा बोल्ट चालेल ना? चालत नाही. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बोल्टाची बैठक गोलाकार असते, बऱ्याच इतर गाड्यांची शंकूसारखी तिरपी. वरून दोन्ही सारखेच दिसतात, आटेही जुळू शकतात, पण बैठक चुकली की चाक थोड्या जागेवरच टेकतं आणि रस्त्यावर सैल होत जातं. दोन दिवस गाडी उभी राहिली तरी चालेल, बोल्ट त्याच गाडीचा हवा.

या कामाला हत्यारांपेक्षा माणसांची ये-जा जास्त लागते. पूर्व-पश्चिम जोडणारा कोपरचा पूल सप्टेंबर २०१९ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला आणि नवा होऊन उघडायला सप्टेंबर २०२१ उजाडला. त्या दोन वर्षांत पूर्वेच्या वेल्डरला मशिन घेऊन ठाकुर्लीच्या पुलावरून वळसा पडायचा. मग पूर्वेला अडकलेल्या गाडीचा बोल्ट गोटीनं निघण्यासारखा असला, तर आमचा मुलगा रेल्वेच्या पादचारी पुलावरून पिशवीत गोट्या घेऊन पूर्वेला जायचा, आणि वेल्डिंगशिवाय इलाज नसेल तर गिऱ्हाइकाला उद्याची वेळ द्यायची. मधल्या लॉकडाऊननंतर तर गाड्यांची रांगच लागली होती. महिनोन्महिने एका जागी उभ्या राहिलेल्या. बोल्ट निघायचे, चाक निघायचं नाही. लोखंडी हब आणि ॲल्युमिनियमचं चाक, दोन्हींच्या मध्ये पावसाचं पाणी, की ते एकमेकांना चिकटतात. अशा वेळी पुढून घाव घालायचे नाहीत. बोल्ट दोन आटे सैल करून गाडी जमिनीवर उतरवायची आणि जागच्या जागी पुढे-मागे हलवायची, चाक आपणच सुटतं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मान घालून आतून हातोडा मारणारे मी पाहिले आहेत. तसं कुणीही करू नये.

वसईच्या चावीचा किस्सा मला सगळ्यांत जवळचा. एका गृहस्थांनी जुनी गाडी घेतली होती. पंक्चर झालं तेव्हा कळलं, लॉक आहे पण चावी नाही. गोटी ठोकून काढतो म्हटलं, तर ते म्हणाले, आधी जुन्या मालकाला विचारू. जुना मालक वसईला. त्यानं खण उघडून बघितलं, चावी होती. कुरिअरला वेळ लागणार. तेव्हा गृहस्थांची मुलगी निघाली. कोपर स्टेशनला दोन मजले आहेत. खालून कल्याण-सीएसएमटीच्या लोकल धावतात, आणि वरच्या फलाटावर दिवा-वसई मार्गाची गाडी थांबते. त्या गाड्या दिवसाकाठी मोजक्याच. मुलगी वरच्या कोपरहून गेली, भिवंडी रोड, खारबाव, कामण करत वसईला पोहोचली, चावी घेऊन त्याच मार्गानं संध्याकाळी परत आली. चावीच्या पाठीवरचं अक्षर बघितलं, खाच साफ केली, चावी बसवली, हाताच्या पान्यानं दाब दिला. बोल्ट आवाजही न करता फिरला. ज्यानं तो शेवटचा आवळला होता, त्यानं हातानं आणि बेतानं आवळला होता. त्या अनोळखी कारागिराला मी मनातल्या मनात नमस्कार केला. आम्ही पैसे घेतले ते फक्त पंक्चरचे.

याच्या अगदी उलट एक रात्र. दुकान बंद करायच्या वेळी दोन तरुण गाडी घेऊन आले. चावी हरवली आहे, चारही लॉक काढून द्या, दुप्पट पैसे देतो. बोल्ट काढायची आमची हत्यारं आणि चोराची हत्यारं यांत फरक काहीच नाही. फरक आहे तो फक्त काम करण्याआधी काय विचारलं यात. उस्तादांचा नियम आहे, आरसी बघितल्याशिवाय लॉकला हात नाही. आता तर आरसी मोबाइलमध्येही दाखवता येते, त्यामुळे सबबीला जागा नाही. ते म्हणाले, घरून आणतो. पुन्हा आले नाहीत. ते खरे मालक होते की नव्हते, याचा निवाडा करणं आमचं काम नव्हे. पण जे दुकान हा प्रश्न विचारत नाही, तिथे आपली गाडी लावू नये असं मी स्पष्ट सांगेन. प्रश्न विचारला म्हणून रागावणारी गिऱ्हाइकं आहेत. त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की तो प्रश्न त्यांच्याच चाकांच्या राखणीसाठी आहे.

या कामाच्या पैशांवरून कुरबुर होते. एक बोल्ट काढायचे एवढे? मी ती कुरबुर समजू शकतो, कारण बाकावर बसलेल्याला दिसतो तो एकच बोल्ट. पण त्या कामात दोन गोट्या खराब होतात, कोबाल्टचं ड्रिल बोथट होतं, आणि एका जाणत्या माणसाचा अर्धा दिवस जातो, ज्याच्या डोळ्यांत ठिणगी जाण्याची भीती प्रत्येक घावाला असते. त्यानं अलॉयवर ओरखडा येऊ दिला नाही, बेअरिंग वाचवलं, आटे जपले. हे काम निगुतीचं आहे आणि त्याचं मोल द्यायला हवं.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच. आज गाडीची डिकी उघडा, स्टेपनीवरचं झाकण उचला आणि लॉकची चावी आहे का बघा. तिच्यावरच्या क्रमांकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि चावी परत त्याच जागी ठेवा, घरात नको. जुनी गाडी घेत असाल, तर आरसीबरोबर ही चावीही मागून घ्या. चाक खोललं गेलं, की ते चढवताना बाकावरून उठून जवळ या आणि सांगा, शेवटचा जोर टॉर्क पान्यानं द्या, लॉकवर गन नको. पन्नास-शंभर किलोमीटर चालवल्यावर बोल्ट पुन्हा एकदा तपासून घ्या. आणि निघताना चावी आठवणीनं हातात घ्या.